मोख्याची कॉफी, तापीकाठचं कापड: एका फिरत्या मेसेजला उत्तर

मोखा बंदरावरचा एक लांबलचक मेसेज सध्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बहुतेक ग्रुपांवर येऊन गेलाय. माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, शिक्षकांचे, कापूस व्यापाऱ्यांचे, कुठेही बघा. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. येमेनमधल्या मोखा गावात जगातली पहिली कॉफी पिकायची, म्हणून तिचं नाव मोखा. अरब लोक बी उकडूनच विकायचे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला झाड लावता येत नव्हतं. १६७० मध्ये बाबा बुदन यांनी सात बिया लपवून आणल्या आणि तेव्हा कुठे भारताला कॉफी कळली. समुद्र ओलांडायला बंदी, म्हणून हिंदू व्यापारी या धंद्यात नव्हतेच. सगळा कारभार अरबांचा आणि इंग्रजांचा. पुढे इंग्रजांनी एडन घेतलं आणि मोखा एका रात्रीत ओस पडलं. आणि शेवटी आपल्यासाठी जोडलेली एक ओळ: खान्देश समुद्रापासून लांब, डोंगर-जंगलांत अडकलेला मुलूख, जगाच्या व्यापाराशी त्याचा संबंध आला तो १८६० नंतर, इंग्रजांच्या रेल्वेमुळे आणि कापसामुळे.

त्या शेवटच्या ओळीसाठी मी हे लिहितोय. "आपला खान्देशना तठे काय संबंध शे?" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं की पोरं ते ऐकतच मोठी होतात. संबंध होता, आणि तो चांगला दोन-अडीचशे वर्षं होता. पण तो दिसायचा असेल तर आधी मोखा हे बंदर नेमकं काय होतं ते नीट समजून घ्यावं लागतं. मेसेजमध्ये तिथूनच घोळ सुरू होतो, म्हणून मुद्दे त्याच क्रमाने घेतो.

"मोख्यात कॉफी पिकायची"

मोख्यात कॉफीचं एक झाडही वाढलं नसतं. तांबड्या समुद्राच्या काठावर, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीच्या थोडं वर वसलेलं हे गाव. जमीन सपाट, वाळूची, ऊन भाजून काढणारं, पाऊस नावापुरता. विहिरींचं पाणी मचूळ, प्यायचं गोडं पाणी गावाबाहेरून आणावं लागे. कॉफीला लागतो थंडावा, धुकं आणि उतार. ती पिकायची, आणि आजही पिकते, येमेनच्या आतल्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून हजार-दोन हजार मीटर उंचीवर. दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केलेली, त्यांत झाडं. फळं तोडून घरांच्या धाब्यांवर वाळवायची, मग जात्यात भरडून टरफल वेगळं करायचं. गंमत अशी की बी विकायला जाई आणि टरफल घरी राही. येमेनी माणूस रोज प्यायचा तो त्या टरफलांचा आल्याचा काढा, 'किशर'. आजही पितात.

डोंगरातून माल उंटांवर लादून खाली बैत-अल-फकीह या गावी यायचा. कॉफीची खरी बाजारपेठ ही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच व्यापारी तिथे गेले तेव्हा शुक्रवार सोडून रोज सौदे चालत होते: उंटावरून गोणी उतरतायत, ओट्यावर बसलेला खरेदीदार माल हातात घेऊन पारखतोय, समोर वजन होतंय, पैसे रोख. तिथे भाव ठरला की मग माल मोख्याकडे निघे. आणि सगळा मोख्याकडे निघे असंही नाही. बराच मोठा वाटा होदैदा आणि लुहय्या या उत्तरेकडच्या बंदरांतून जिद्द्याला आणि तिथून कैरोला जाई, कारण त्या काळी कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुर्की साम्राज्य. लंडन-ॲमस्टरडॅम नंतरचे.

सावद्याच्या आणि रावेरच्या स्टेशनांवरून केळी दिल्लीला जातात, म्हणून दिल्लीकराने स्टेशनात बागा आहेत असं समजावं, तसं हे मोख्याचं झालंय. युरोपीय जहाजांनी माल मोख्यातून उचलला, तेव्हा त्यांच्या वहीत मालाचं नाव मोखा पडलं. कॅफेत 'मोका' म्हणून मिळणाऱ्या चॉकलेट घातलेल्या कॉफीचा तर त्या बंदराशी नावापलीकडे काही संबंध नाही.

आणि "जगातली पहिली" म्हणाल तर कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या जंगलातलं. ही फळं खाऊन बकऱ्या उड्या मारू लागल्या आणि राखणाऱ्या पोराला कॉफी सापडली, अशी जी गोष्ट सांगतात ती पहिल्यांदा छापली गेली १६७१ मध्ये, रोममध्ये, म्हणजे कॉफी पिणं सुरू झाल्यावर दोनशे वर्षांनी. पक्कं माहीत आहे ते इतकंच की पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रासाठी, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणासाठी, जागं राहायला ही कॉफी पीत. मोख्याचे संत अली इब्न उमर अश-शाधिली त्यांतलेच मानले जातात, त्यांची पांढरी मशीद गावात उभी आहे.

"बी उकडून विकायचे, सात बियांनी भारताला कॉफी कळली"

दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र बांधल्या आहेत. उकडण्याची गोष्ट फार ठिकाणी लिहिलेली सापडते, पण तिची गरजच नव्हती. टरफल काढून वाळवलेल्या कॉफीची उगवण थोड्या महिन्यांत संपते. डोंगरातून बाजारात, बाजारातून बंदरात, बंदरात जहाजाची वाट बघत पडून, मग समुद्रावर, इतका वेळ गेल्यावर त्या बीला कोंब फुटणं कठीणच. आणि झाडं बाहेर गेलीच. १६९६ मध्ये डचांनी जाव्यात लावायला रोपं नेली ती कुठून, तर आपल्या मलबार किनाऱ्यावरून. ती पुरात गेली, १६९९ मध्ये पुन्हा नेली, तेव्हा लागली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बूर्बोन बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, रोपं नेली ती थेट मोख्याहून.

म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे कॉफीची झाडं होती हे नक्की. ती कोणी आणली? चिकमगळूरच्या डोंगरावरच्या बाबा बुदन यांचं नाव परंपरा घेते. ती परंपरा मोठी आहे, हिंदू-मुसलमान दोघांच्या श्रद्धेची आहे आणि तिला धक्का लावायचं मला कारण नाही. पण श्रद्धेची गोष्ट सांगताना त्यावर "तोपर्यंत भारताला कॉफी माहीत नव्हती" असं खोटं इतिहासाचं वाक्य चिकटवू नये. इंग्लंडच्या राजाचा राजदूत टॉमस रो जहांगीराच्या दरबारी होता तेव्हा त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता, १६१६ ते १६१९ या काळात. टेरीने लिहून ठेवलंय की इथले धर्म कडक पाळणारे पुष्कळ लोक दारूला शिवत नाहीत, कॉफी पितात. बाबा बुदन यांच्या सांगितल्या जाणाऱ्या सालाच्या पन्नास वर्षं आधीची ही नोंद. झाड नव्हतं, पण पेय होतं, कारण मोख्याहून सुरतेला कॉफी येत होती. पुढे अठराव्या शतकात दिल्लीच्या चांदणी चौकात तर कहवाखाने गजबजलेले असत, तिथे शायर बसत.

"हिंदू व्यापारी नव्हतेच"

या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते मोख्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूसच पुसून टाकतं. तो माणूस म्हणजे गुजराती वाणी.

मोख्यातला व्यवहार कसा चाले ते बघा. किनारा उथळ, त्यामुळे मोठं जहाज लांब नांगर टाकून उभं राही. तिथून लहान होड्यांनी माल धक्क्यावर, धक्क्याला लागून जकातघर. मोठ्या जहाजाच्या नाखुद्याला, म्हणजे कप्तानाला, मानाने किनाऱ्यावर आणत, घोड्यावरून सुभेदाराच्या वाड्यावर नेत, वस्त्रं देत. हा सोहळा उगाच नव्हता, पुढच्या वर्षी तुमचं जहाज दुसऱ्या बंदरात न जाता इथेच यावं यासाठी होता. इतर अरबी शहरांत परदेशी व्यापाऱ्यांसाठी मोठ्या सराया असतात, मोख्यात व्यापार चाले घरांतून. व्यापारी घर भाड्याने घेई, खाली माल, वर मुक्काम, आणि सौदा तिथेच, बैठकीत. आता नवख्या इंग्रजाला किंवा डचाला कुठला माल कोणाकडे, कोण उधारी बुडवतो, कुठलं नाणं खोटं, हे कळणार कसं? त्यासाठी दलाल हवा. आणि दलाली वाण्यांच्या हातात होती. इंग्रज कंपनीचा दलाल वाणी, डच कंपनीचा दलाल वाणी. ते वर्षानुवर्षं तिथे राहत. बायका-मुलं गावी गुजरातेत, स्वतः येमेनच्या उन्हात. त्यांच्यावर जादा कर होता, वागण्या-फिरण्याची बंधनं होती, तरी राहत. १७६३ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला कार्स्टन नीबूर मोख्यात आला, त्यानेही या वाण्यांच्या वस्तीबद्दल लिहिलं आहे. त्याच वर्षी मोख्याहूनच तो मुंबईला उतरला.

समुद्र ओलांडण्याबद्दलची बंधनं होती, काही जातींत ती कडक पाळली जात. पण बंधन असणं आणि कोणीच न जाणं यांत फरक आहे. जहाजांचे मालक बहुतेक मुसलमान होते हेही खरं. सुरतेचा बोहरा अब्दुल गफूर हा सर्वांत मोठा, १७१८ मध्ये वारला. आणि जहाजं फक्त सुरतेची नव्हती. १६१०-१२ च्या इंग्रज नोंदींत तांबड्या समुद्रात दीव आणि सुरतेबरोबर आपल्या कोकणातल्या दाभोळची जहाजं आहेत. १६६० च्या दशकातली इंग्रज वखारवाल्यांची पत्रं सांगतात की शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलेल्या बंदरांतून इराण, बसरा आणि मोख्याकडे दरवर्षी व्यापारी गलबतं सुटत. "सगळा कारभार अरबांचा आणि इंग्रजांचा" लिहिताना हे सगळे लोक कुठे गेले?

"इंग्रजांनी मोखा एका रात्रीत संपवलं"

इंग्रजांना इतकं मोठं श्रेय द्यायचं कारण नाही. ते मोख्यात आले तेव्हा बंदर भरभराटीत होतं, तुर्कांच्या ताब्यात. १६१० मध्ये सर हेन्री मिडल्टन पहिल्यांदा उतरला तर तिथल्या तुर्की अंमलदाराने त्याला पकडून, साखळदंड घालून साना शहरात नेलं. पुढच्या वर्षी तो निसटला, आणि १६१२ मध्ये परत येऊन बाब-अल-मंदेबच्या तोंडाशी भारतीय जहाजं अडवून बसला. अडवलेल्यांत जहांगीराच्या आईचं 'रहीमी' हे जहाजही होतं. १६३५-३६ मध्ये येमेनच्या इमामांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरू-राज्यकर्त्यांनी, तुर्कांना घालवलं आणि मोख्याचे सर्वांत चांगले दिवस आले ते या इमामांच्या काळात.

उतरती कळा लागली ती कॉफीच्या झाडानेच. जाव्याची पहिली कॉफी ॲमस्टरडॅमला पोचली १७११ मध्ये, आणि १७२० च्या दशकात तिथल्या बाजारात जावाने मोख्याला मागे टाकलं. मग बूर्बोन, मग कॅरिबियन बेटं, शेवटी ब्राझील. तिथे मळ्यांत गुलाम राबवून पिकवलेली कॉफी स्वस्त पडे, येमेनच्या डोंगरातल्या लहान शेतकऱ्याला त्या भावाशी टक्कर देणं शक्य नव्हतं. तरी बंदर मेलं नाही. १७३७ मध्ये थकबाकीच्या भांडणावरून फ्रेंचांनी तोफा डागल्या, बंदर चालू राहिलं. १७९८ पासून अमेरिकेतल्या सेलम या बंदराची जहाजं येऊ लागली, त्यांनी पुन्हा थोडी जान आणली. १८२० मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या. १८३० च्या दशकात इजिप्तच्या फौजा येऊन बसल्या. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं, १८५० मध्ये ते करमुक्त बंदर केलं, उत्तरेला तुर्कांनी होदैदा वाढवलं. या दोघांच्या मधे मोखा वाळत गेलं. शंभर-सव्वाशे वर्षांचा हा उतार आहे. याला एक रात्र म्हणणं म्हणजे जाव्याच्या, बूर्बोनच्या मळ्यांत काय घडलं ते न सांगता तोफेचा आवाज तेवढा ऐकवणं.

"खान्देशाचा संबंध आला १८६० नंतर"

आता मूळ मुद्दा. येमेनला कॉफी होती, पण कापड पुरेसं नव्हतं. धोतर-लुंगीपासून पागोट्यापर्यंत जे अंगावर घ्यायचं त्यातलं पुष्कळसं भारतातून येई. तांदूळही येई. भारताला कॉफी लागे, पण तितकी नाही. म्हणजे कापडाची किंमत कॉफीने फिटत नसे, उरलेली चांदीने फेडली जाई. ही चांदी मुख्यतः मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या खाणींतली. कॉफी विकत घ्यायला युरोप आणि तुर्कस्तान ती कैरो-जिद्द्याच्या वाटेने खाली पाठवत, आणि मोख्यात कापडाच्या बदल्यात ती सुरतकरांच्या हाती येई. सुरतेच्या टांकसाळीत तिचे रुपये पडत. किती चांदी? १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे जहाज परत येताना इंग्रज चाच्याने लुटलं, तेव्हा मोगल काळाचा इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानाने लिहिलंय की त्यावर बावन्न लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं, मोखा आणि जिद्दा इथे विकलेल्या हिंदुस्थानी मालाची रक्कम. एका जहाजावर.

तो माल विणला कोणी? पुष्कळसा गुजरातेत. पण सुरतेच्या मागे पसरलेला मुलूख कुठला? नकाशा उघडा आणि सुरतेहून तापीच्या काठाकाठाने वर या. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर, बुऱ्हाणपूर. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांची आणि नंतर मोगलांची खान्देशची राजधानी तीच. थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत. आग्र्याहून सुरतेला जायचा एक राजरस्ता हाच होता. टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरतेहून निघाला आणि याच गावांतून मुक्काम करत नोव्हेंबरच्या मध्यावर बुऱ्हाणपूरला पोचला. तिथे जहांगीराचा मुलगा शहजादा परवेझ याच्याकडे त्याने काय मागितलं? इंग्रजांना बुऱ्हाणपुरात वखार घालायची परवानगी. ती मिळाली. शहर त्याला फारसं आवडलं नव्हतं, शहजाद्याचा आणि मोगल सेनापती खानखानानचा वाडा सोडला तर सगळी मातीची घरं, असं तो म्हणतो. तरी वखार हवी होती. आणि याच रोने पुढे आग्रह धरून १६१८ मध्ये सुरतेहून कंपनीचं 'ॲन रॉयल' हे जहाज मोख्याला पाठवायला लावलं. बुऱ्हाणपूर आणि मोखा हे एकाच व्यापाराचे दोन धागे आहेत हे मोगल दरबारात बसलेल्या परक्या माणसाला तीन वर्षांत कळलं होतं.

बुऱ्हाणपूरच्या कापडाबद्दल सर्वांत स्पष्ट लिहिलंय ते ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने. तो या वाटेने सतराव्या शतकाच्या मध्यात एकाहून जास्त वेळा गेला. शहर पडझडीला आलेलं, घरं गवताने शाकारलेली, हे तोही लिहितो. पण लगेच पुढे म्हणतो की या गावात आणि साऱ्या प्रांतात आरपार दिसेल इतकं तलम सुती कापड प्रचंड प्रमाणात होतं, आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोला जातं. सोन्या-रुप्याच्या काठांच्या ओढण्या, रंगीत फुलांची वस्त्रं, याचं तो बारकाईने वर्णन करतो. "साऱ्या प्रांतात" हे शब्द लक्षात घ्या. नवापुराबद्दल त्याने लिहिलंय की गाव विणकरांनी भरलेलं आहे, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा आणि शिजवला की कस्तुरीचा वास येणारा. मेसेज पुढे पाठवणाऱ्या नवापूरच्या मंडळींनी हे तरी वाचावं असं मला फार वाटतं.

धरणगावचंही नाव घेतलं पाहिजे. तिथलं कापड इतकं नावाजलेलं होतं की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी तिथे वखार घातली होती आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ती लुटली गेली. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं तेव्हा पेठाच्या पेठा रिकाम्या केल्या. जिथे काही नाही तिथे कोणी लुटायला येत नाही.

आता मोख्याला जाणाऱ्या जहाजाचं वेळापत्रक आणि आपला हंगाम शेजारी ठेवून बघा. सुरतेहून जहाजं सुटायची ती हिवाळ्याच्या अखेरीस, फार तर मार्चपर्यंत, कारण ईशान्येचा वारा तेवढाच मिळतो. परतायची ऑगस्टमध्ये मोखा सोडून, नैऋत्येच्या वाऱ्यावर, आणि सुरतेला लागायची सप्टेंबरात. म्हणजे माल सुरतेच्या वखारीत जानेवारी-फेब्रुवारीत हजर हवा. पावसाळ्यात तापीकाठची काळी माती गाडीला चाक हलवू देत नाही, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा माल हलायचा तो दसऱ्यानंतर वाटा वाळल्या की, गाड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर. बंजाऱ्यांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल एकावेळी चालत असल्याचं ताव्हेर्नियेनेच लिहिलंय. ते धान्य आणि मीठ वाहत. ते वाटेला लागले की समोरच्या गाड्यांना दोन-दोन तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे. आणि सप्टेंबरात जहाजं परत आली, चांदी उतरली, की दलाल पुन्हा गावोगाव निघत, विणकराच्या हातावर पुढच्या मालाची आगाऊ रक्कम ठेवायला. मोख्यात त्या साली कॉफीला गिऱ्हाईक किती आलं यावर इथल्या मागाचं काम काही प्रमाणात ठरत होतं.

उलट बाजूनेही तेच. १६३०-३२ चा दुष्काळ आठवा. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून याच वाटेने बुऱ्हाणपूरला आला. वाटभर मेलेली माणसं, नंदुरबारला तंबू ठोकायला प्रेतांमुळे जागा मिळेना, असं त्याने लिहून ठेवलंय. शहाजहान त्या वेळी बुऱ्हाणपुरात फौजेसह होता, मुमताज तिथेच १६३१ मध्ये वारली. तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. त्याच साली नवापूर-नंदुरबारचे किती विणकर गेले याबद्दल कोणी मेसेज करत नाही. गुजरात-खान्देशात कापड मिळेनासं झालं, कंपन्यांनी खरेदीसाठी पूर्व किनाऱ्याकडे तोंड वळवलं, आणि तांबड्या समुद्रावर या बाजूचा माल तुटला.

मोखा उताराला लागलं आणि सुरत-बुऱ्हाणपूरची वाट सुकली, हेही जवळपास एकाच काळात घडलं. मोगल सत्ता खिळखिळी झाली, वाटा असुरक्षित झाल्या, अब्दुल गफूरच्या घराण्याची जहाजं कमी होत गेली, आणि तिकडे जाव्याच्या कॉफीने मोख्यात येणारी चांदीच आटवली. म्हणून १८१८ मध्ये इंग्रजांना जो खान्देश मिळाला तो उजाड होता हे खरं आहे. पेंढारी, दुष्काळ, मोडलेली गावं. पण त्यांनी पाहिलेली ती अवस्था म्हणजे आधीचा सगळा इतिहास असं धरून लिहिणारे अधिकारी होते, आणि आपण अजून त्यांचंच वाक्य ग्रुपवर फिरवतोय.

१८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, जळगाव-भुसावळवरून मुंबईची रेल्वे गेली, आणि त्याने खान्देश पुन्हा जगाच्या बाजारात आला, एवढं मेसेजमधलं बरोबर आहे. पण आता नीट बघा: आधी इथून जायचं ते विणलेलं कापड, या खेपेला गेला तो सरकी काढलेला कापूस, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. संबंध नवा जुळला नाही, जुन्या संबंधातला विणकर तेवढा वगळला गेला. आणि १९०० च्या सुमारास सुरतेहून जळगावला तापीकाठची रेल्वे आली तिची स्टेशनं वाचा: नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. रो आणि ताव्हेर्निये ज्या वाटेने बैलांबरोबर चालले त्या वाटेच्या कितीतरी मजला रूळ टाकणाऱ्यांना तयार मिळाल्या होत्या.